अरुंधतीदर्शन

सप्तर्षींच्या शेपटीतील तीन ताऱ्यांपैकी मधला तो वसिष्ठ. त्याला अगदी लगटून एक मंद तारका दिसते, ती अरुंधती. दोघांमधले अंतर चंद्रबिंबाच्या निम्म्या व्यासाहूनही कमी! एवढ्याशा या जोडीला देशोदेशींच्या लोकांनी जी नावे दिली, ती पाहू लागले म्हणजे ताऱ्यांपेक्षा माणसांचीच ओळख अधिक पटते.

इंग्रजांना तेथे घोडा आणि स्वार दिसले. अरबांनी लहान तारकेला 'सुहा', म्हणजे उपेक्षिता, म्हटले आणि तिच्यावर दृष्टीची परीक्षा घेतली. जपानात ती आयुष्याची तारका. जिला पाहता येत नाही, त्याचे वर्ष पुरे होत नाही, अशी तिकडची समजूत. आपल्याकडेही अरुंधती न दिसणे हे मृत्युचिन्ह मानलेच आहे. पण आपण त्या जोडीला दांपत्य कल्पिले आणि विवाहाच्या रात्री वराने वधूला ती दाखवावी, असा विधी घातला. तिच्या मंदपणाचे कारण मात्र महाभारताच्या आदिपर्वात असे दिले आहे, की निर्दोष पतीविषयी संशय घेतल्यामुळे ती धूसर झाली.

या आरोपाचा निकाल दुर्बिणीने निराळाच लावला. १६१७ साली गॅलिलिओचा शिष्य कास्तेल्ली याला वसिष्ठ स्वतःच जुळा असल्याचे आढळले. पुढे १८८९ साली पिकरिंगने वर्णपटावरून त्या जुळ्यातील एकाची पुन्हा दोन शकले केली; दुसऱ्याचीही गत पुढे तीच झाली. म्हणजे वसिष्ठाचे तेज हे चौघांचे मिळून आहे! २००९ साली अरुंधतीलाही एक क्षीण सोबती सापडला. चौघांपुढे दोघे फिके पडले, तर त्यात पातिव्रत्याचा काय संबंध?

आम्हा शिक्षकांना मात्र या तारकेचा निराळाच उपयोग. आपण तिला सुहा दाखवावी आणि तिने आपल्याला चंद्र दाखवावा, अशा अर्थाची एक अरबी म्हण आहे. वर्गात तीस वर्षे काढलेल्या माणसाला तिचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. शंकराचार्य असे हताश होत नाहीत. ब्रह्मसूत्रभाष्यात ते अरुंधतीचा दृष्टांत देतात: आधी जवळचा ठळक तारा दाखवावा, दृष्टी तेथे ठरली की तो सोडून सूक्ष्म तारकेकडे न्यावी. बोट धरून नेणारा कुणी असला, तरच ती दिसावयाची.

हल्ली लग्ने दिवसा लागतात आणि भटजी कार्यालयाच्या छताकडे बोट दाखवतात. शहरच्या दिव्यांत रात्रीही निराळे काही दिसत नाही. त्यातून आम्ही पन्नाशी ओलांडलेली. गावी मोकळ्या आकाशाखालीही, चष्मा लावून, अरुंधती आमच्यापुरती वसिष्ठातच विरून जाते. शास्त्राप्रमाणे आमचे दिवस भरलेच म्हणावयाचे! आमच्या कुटुंबाला मात्र ती अजून स्वच्छ दिसते. लग्नात आम्ही दाखवलेली ती तारका आता तीच आम्हाला दाखवते: "मोठा तारा दिसला ना? आता त्याच्या जवळच पाहा." आम्ही पाहतो. दिसत काहीच नाही. पण ती तेथे आहे, याविषयी आम्हाला तिळमात्र शंका उरत नाही.