दहातून एकदा

लग्न जुळवताना मध्यस्थ म्हणाला, "दोन्ही स्थळं सारखीच," की आपण लगेच विचारतो, "कशात सारखी?" गणितज्ञांनी हाच प्रश्न यंत्रांना विचारला आहे, आणि तोही अशा यंत्रांना, की जी कधी काम करतात आणि कधी करीत नाहीत. 'संभाव्य वर्तनाची समतुल्यता' हे नाव ऐकून वाचकांनी पान उलटू नये. आमच्या घरी ती दोन पुतण्यांच्या रूपाने वावरते.

आत्याबाईंच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया धुळ्याला ठरली होती. आम्ही जळगावचे. पारोळ्यावरून एस.टी. सरळ जाते, पण आत्याबाईंना बसचे हिसके सोसत नाहीत. म्हणून आगगाडीने चाळीसगाव, आणि तिथे गाडी बदलून धुळे. (चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे, तेव्हा गणित आमच्या वाटेवरच होतं म्हणायचं!) तारीख चुकली तर पुन्हा महिनाभर खोळंबा, आणि दुसरा डोळाही अधूच. सोबत कोणाला धाडायचं?

दोन्ही पुतणे मायाळू, आणि दोघेही दहातून एकदा दगा देणारे. स्टेशनावरची नुसती हजेरी मांडली, तर दोघांत तसूभर फरक नाही. पण थोरल्याचं आदल्या रात्रीच ठरतं. नऊ वाजता त्याच्या खोलीत डोकवा: पिशवी भरलेली असली तर तो येणारच, नसली तर नाहीच. धाकट्याची पिशवी सदा भरलेली! त्याचा फासा पडतो तो पहाटे, अंथरुणातून उठताना.

एकेकटे पाहिले तोवर दोघे सारखे. पण शेजारचे काका म्हणाले, "रात्री कळवलंत तर मी जाईन." आता करा हिशेब. थोरला आणि काका मिळून आत्याबाई दहाच्या दहा वेळा पोचतात. धाकटा आणि काका मिळून नऊच वेळा!

१९८९ साली लार्सन आणि स्को या दोघा संशोधकांनी यासाठी कडक कसोटी मांडली. व्यवस्थेच्या अवस्थांचे गट पाडायचे. दोन अवस्था एका गटात केव्हा बसतात? कोणतीही कृती केल्यावर प्रत्येक गटात जाण्याची शक्यता दोघींची अगदी सारखी असेल तेव्हाच. नुसता शेवट जुळून भागत नाही, मधला मुक्कामही जुळला पाहिजे. थोरल्याच्या रात्री दोन: 'नक्की' आणि 'नाहीच'. धाकट्याची रात्र एकच, आणि दोन्ही शक्यता तिच्या पोटात. ते एका गटात बसतील कसे?

या कसोटीला उतरलेल्यांचा मोठा गुण म्हणजे एकरूपता. शाळेतले एकरूप त्रिकोण आठवा. एक उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवला तरी आकृती बिघडत नाही. तसंच इथे. जोडीला काका असोत की आणखी कोणी, अदलाबदलीने साऱ्या मांडणीचं वर्तन तेच राहतं. निरोप अधूनमधून गहाळ करणारी जाळी तपासताना हे फार उपयोगी पडतं. अवाढव्य भागाच्या जागी त्याच्याशी समतुल्य असा आटोपशीर भाग बसवायचा आणि तेवढंच तपासायचं. लक्षावधी अवस्था चाळण्याचे कष्ट वाचतात.

आम्ही थोरल्याला सांगितलं. नेमकी त्या रात्री पिशवी रिकामी! काका गेले, आणि डोळा वेळेवर झाला. धाकटा मात्र रुसून बसला. "मीसुद्धा दहातून नऊ वेळा येतोच की!" म्हणाला. त्याचं म्हणणं खरंच होतं.