बाबांची सीट

उकव्यात आमची लाल सॅन स्टॉर्म निघाली की पोरं ओरडतात, "नकली फेरारी!" अहो, ही कुणाची नक्कल नाही, गोव्यात बनलेली, फायबरची बॉडी, रेनॉचं ११४९ सीसी इंजिन. आता बनत नाही, म्हणून बंपर फुटला की फायबरवाल्याकडून करून घ्यायचा. बुटकी इतकी, की मँगनीजच्या ट्रकमागे नुसती चाकंच दिसतात.

दोनच सीट. घरी म्हणतात, "विका आता, चौघं बसू अशी घ्या." पण दुसरी सीट बाबांची. त्यांची सगळी नोकरी भूमिगत खाणीत गेली. गुडघे वाकत नाहीत, धरून बसवावं लागतं. टप उघडून गांगुलपाऱ्याच्या घाटात शिरलो की वर बघत राहतात. म्हणतात, "डोक्यावर दगड पुष्कळ झाला रे."

सांगा, विकू कशी?