दोन वर्षांचं गोंदण

मे महिन्यात बल्लारपुरात पेन्सिलने काढलेली भुवई दुपारी बारापर्यंतही टिकत नाही. पारा ४५-४६ ला टेकलेला असतो, कपाळावरून घाम ओघळतो आणि त्याच्यासोबत तपकिरी रंगही. मी मोबाइलच्या दुकानात काउंटरला बसते. गिऱ्हाईक बोलता बोलता मध्येच थांबून माझ्या डोळ्यांच्या वर बघायला लागलं, की समजायचं, एक बाजू गेली.

एकोणिसाव्या वर्षी मला चाई पडली. आपलीच प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उठते, एवढाच हा आजार. तो दुखत नाही, कुणाला लागत नाही. डोक्यावरचे चट्टे वेणीखाली झाकता आले. भुवया मात्र जवळजवळ पूर्ण गेल्या. भुवया गेल्या की चेहऱ्याचं बोलणंच जातं. मी हसले तरी लोक विचारायचे, "बरं नाही का?"

अंगावरच्या कातडीवरून माणसाची ओळख ठरते, हे आमच्या गावाला नवं नाही. वर्धेच्या काठावर ज्याचा किल्ला आहे, तो गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा. अंगावर खांडकं होती म्हणून 'खांडक्या', असं सांगतात. झरपटच्या पाण्याने तो बरा झाला आणि तिथेच चंद्रपूर वसलं, अशी आख्यायिका आहे. राजा बरा झाला, नवी राजधानी उभी राहिली, तरी नावातलं खांडूक काही गेलं नाही.

मला झरपट नको होती, मायक्रोब्लेडिंग हवं होतं. त्वचेच्या डॉक्टरांनी आधी थांबवलं. चाई वाढत असताना कातडीला जखम केली तर तिथेच नवा चट्टा उठू शकतो. शिवाय केस आपोआप परतही येतात. बरेच महिने नवा चट्टा आला नाही, तेव्हा त्यांनी होकार दिला. मग मी साठवलेला पगार घेऊन नागपूरची गाडी पकडली.

आधी कानामागे रंगाची चाचणी. मग दोऱ्याने आखणी: नाकाच्या रेषेत सुरुवात, कुठे कमान, कुठे शेवट. बधिर करणारं मलम. त्यानंतर पेनासारख्या दांड्याला बसवलेल्या बारीक सुयांच्या ओळीने एकेक केसाएवढी चीर आणि तिच्यात रंग. सुई नेहमीच्या टॅटूपेक्षा उथळ जाते, म्हणून रंग साधारण एक ते तीन वर्षांत फिकट होतो. पहिला आठवडा भुवया कोळशाने काढल्यासारख्या दिसतात, मग खपली गळते. महिना-दीड महिन्याने पुन्हा एकदा हात फिरवावा लागतो. आणि हो, सुई टोचून घेतल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही.

माझी आजी गोंडपिपरीकडची. तिच्या कपाळावर आणि हातांवर गोंदण आहे. सुया आणि काजळी, मलम वगैरे काही नाही. दोघी बायांनी हात धरून ठेवले होते म्हणते. तिला कोणी विचारलं नव्हतं, गोंदायचं का म्हणून. आमच्याकडच्या जुन्या बाया मानतात, की दागिने मेल्यावर काढून घेतात, गोंदण तेवढं सोबत येतं.

खपली गळल्यावर आजीने माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"किती दिवस राह्यते हे?"

"दोनेक वर्षं, आजी."

"मंग इतके पैसे काहाले दिले वं? आमचं तं मरेपर्यंत जात नाही."

"माझे केस परत आले तर? तेव्हा हे गेलेलंच बरं."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने अंगठ्याने स्वतःच्या कपाळावरचा ठिपका घासून बघितला, जणू तोही निघतो का ते पाहायचं होतं.

"मले कोणी असं सांगतलं असतं," ती म्हणाली, "तं मी हाताचं ठेवलं असतं. कपायाचं नसतं ठेवलं."

साठेक वर्षं ते कपाळ आमच्या समोर होतं. ते तिला आवडतं का, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.