उतारा

गेल्या भाऊबीजेला शिरूरहून दौंडला बहिणीकडे गेलो. फराळाचे ताट पुढे आले, पण भाचीचे तोंड उतरलेले. ही मुलगी रोज आगगाडीने पुण्याला कॉलेजात जाते, संगणकाचे शिक्षण घेते. डेटाबेस या विषयाच्या गृहपाठात तिला शून्य मिळाले होते.

"उतरवून काढलंस वाटतं?" मी मास्तरकीच्या सुरात विचारले.

"नाही मामा, उतरवू दिलं."

मैत्रीण आजारी होती, म्हणून हिने आपला गृहपाठ तिला दिला. शून्य मात्र दोघींना! मला रागच आला. देणाऱ्याला कसली शिक्षा? "दाखव पाहू तुमचे नियम," मी म्हणालो.

नियम साधे होते. चर्चा खुशाल करा, पण लिहिताना ज्याचे त्याने लिहावे. कुणाची मदत घेतली असेल तर त्याचे नाव द्यावे. अडचण मुदतीआधी सांगावी. खाली साधनांची यादी होती : फुकट मिळणारी पोस्टग्रेस प्रणाली, आणि सिल्बरशात्झ, कोर्थ व सुदर्शन यांचे पुस्तक. यांतले सुदर्शन मुंबईच्या आय.आय.टी.तले, हे कळल्यावर मला उगीचच अभिमान वाटला. या पुस्तकातल्या सरावप्रश्नांची उत्तरे लेखकांनी सर्वांना खुली ठेवली आहेत; बाकीच्या प्रश्नांची फक्त शिक्षकांना मिळतात. मला हे पटले. पोहायला शिकवताना पाठीला भोपळा बांधतात, पण केव्हातरी तो सोडावाच लागतो.

"पण तुम्ही सापडलात कशा?"

"विद्यार्थी आणि विषय असे दोन तक्ते जोडायचे होते. माझी एक अट लिहायची राहिली, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला प्रत्येक विषय चिकटला. तिच्याही गृहपाठात तेच!"

मी हसलो. मग तिने मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या मामाला कळेल अशा भाषेत तो विषय सांगितला. 1970 साली एडगर कॉड या आय.बी.एम.मधल्या संशोधकाने माहिती तक्त्यांत मांडण्याची रीत सुचवली. त्या रीतीतली मोठी शिकवण अशी, की एक गोष्ट शक्यतो एकाच जागी नोंदवावी. तीच चार ठिकाणी उतरवली, की एका जागी दुरुस्ती होते आणि बाकीच्या ठिकाणी चूक तशीच राहते.

माझे हसू मावळले. आमच्या शाळेत एका मुलाची जन्मतारीख जनरल रजिस्टरात एक होती आणि दाखल्यावर दुसरी. तो दाखला मीच उतरवला होता. त्यापायी त्या मुलाच्या बापाने शेतीची कामे टाकून किती हेलपाटे घातले, ते मी पाहिले आहे. आणि तोच मी वर्गाला सांगत असे, "धडा पाच वेळा उतरवून आणा!"

"मग काय मामा, आजारी मैत्रिणीला नाही म्हणायचं?" भाचीने विचारले.

तिच्या डोळ्यांत पाणी होते. खरा प्रश्न हाच होता, आणि त्याचे उत्तर नियमांत नव्हते.

"नाही कशाला म्हणायचं?" मी म्हणालो. "तिनं गृहपाठ मागितला, तू वेळ द्यायचा होतास. आणि सरांकडे जाऊन मुदत मागायला तिच्याबरोबर जायचं होतंस."

ती गप्प राहिली. मग उठली आणि मला ओवाळायला तबक घेऊन आली.

मैत्रीण केडगावला गाडीत चढते. दिवाळीनंतर दोघी पुणे येईपर्यंत एकमेकींना गृहपाठ समजावून सांगू लागल्या. लिहितात मात्र आपापल्या घरी. माझ्या वर्गात आता धडा कोणी उतरवून आणत नाही. मुले तो स्वतःच्या शब्दांत लिहितात. चुका पुष्कळ असतात, पण प्रत्येकाची चूक त्याची स्वतःची असते. तपासायला मला आता दुप्पट वेळ लागतो.