नेसरीचा मेस आणि बासरी

नेसरीला याल तेव्हा आधी खिंडीत हात जोडा. १६७४ साली प्रतापराव गुजर सहा साथीदारांसह इथेच पडले. मग बांधावरची मेसाची बेटे पाहा.

गेल्या वैशाखात इथला एक मुलगा मेसाची बासरी करत बसला होता. वाजेना, म्हणून रडकुंडीला आला. मी म्हटले, "बाळा, मेस भरीव. बासरीला आसामकडचा पातळ, लांब कांड्याचा पोकळ बांबू लागतो."

सुट्टीत चांगले वादक बासरीचे वर्ग घेतात, तिथे त्याला जायचे होते. वडील म्हणाले, "साहेब, पोरगं हातचं जाईल."

मी त्यांना हरिप्रसाद चौरसियांची हकीकत सांगितली. वडील पहिलवान, मुलानेही कुस्तीच करावी हा त्यांचा हट्ट. मुलगा चोरून शिकला. पुढे नाव झाल्यावरही अन्नपूर्णादेवींकडे नव्याने शिकायला बसला. पुढे मुंबईत त्यांनी वृंदावन गुरुकुल काढले.

महिनाभरात कोणी वादक होत नाही. पण ओठ कसा ठेवावा, फुंक कशी धरावी, हे जाणत्यासमोर बसूनच कळते. रोप पहिल्यांदाच सरळ लावावे, तसे हे. पेरणीच्या आत पोर घरी येते. जाऊ द्या त्याला.