लाल गोळ्याखालचा खुंट

मून कॅक्टस तुम्ही नक्की पाहिला असेल. हिरव्या, तिधारी खोडावर बसलेला लालभडक गोळा. कधी पिवळा, कधी केशरी. भेटवस्तूंच्या दुकानांत आणि ऑफिसच्या टेबलांवर तो हमखास असतो. पुण्यात आमच्या गच्चीवर मी तो कित्येक वर्षं वाढवते आहे. जो कोणी त्याच्याबद्दल विचारतो, त्याला माझं एकच सांगणं असतं: वरचा रंग राहू दे, आधी खालचा खुंट बघ.

कारण ही दोन झाडं आहेत. वरचा गोळा हा पॅराग्वेकडच्या जिम्नोकॅलिशियम जातीच्या निवडुंगाचा, हरितद्रव्य नसलेला प्रकार. १९४१ साली जपानमध्ये एइजी वातानाबे यांना बियांपासून उगवलेल्या हजारो रोपांत अशी लाल रोपं सापडली. हरितद्रव्य नाही म्हणजे स्वतःचं अन्न तयार करता येत नाही. ती मरणारच होती. त्यांनी ती हिरव्या निवडुंगावर कलम केली आणि जगवली. बीटाला लाल करणारी रंगद्रव्यं ज्या गटातली, त्याच गटातली याचीही. हिरवा थर नसल्यामुळे ती उघडी पडतात इतकंच.

खुंट बहुतेक वेळा ड्रॅगन फ्रूटचा असतो. सांगली-सोलापूरकडे सिमेंटच्या खांबांवर ज्याच्या बागा चढवलेल्या दिसतात, तोच. हा वाळवंटातला नाही, रानात झाडांवर चढणारा वेल आहे. त्यामुळे ‘कॅक्टस आहे, महिन्यातून एकदा चमचाभर पाणी पुरे’ हा सल्ला त्याला मानवत नाही. उन्हाळ्यात माती वाळली की मी कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत पाणी घालते. मातीत अर्धा भाग जाड वाळू आणि विटांचा चुरा, बाकी पोयटा आणि कुजलेला पालापाचोळा. सकाळचं कोवळं ऊन खुंटाला हवंच. दुपारचं मात्र नको, कारण वरच्या गोळ्याला त्याने पांढुरके डाग पडतात आणि ते परत जात नाहीत. पावसाळ्यात कुंड्या पत्र्याखाली जातात. खुंट बुडाशी पिवळा, मऊ पडू लागला की समजायचं, वरचा गोळा टवटवीत दिसला तरी तो शिल्लक साठ्यावर दिवस काढतोय.

अशा वेळी पुन्हा कलम बांधणं, हाच खरा उपाय. माझे वडील कोकणात आंब्याची कलमं बांधायचे, त्यामुळे मला या कामाची धास्ती कधीच वाटली नाही. सांगलीकडचा पुतण्या बागेची छाटणी झाली की मला कांड्या पाठवतो: “काकू, या वेळी जाड निवडल्यात बघा.” काप सुकवून त्या वाळूत लावायच्या, मुळं धरली की कुंडीत. चैत्र-वैशाखात, हवा कोरडी असताना, ब्लेड स्पिरिटने पुसून खुंटाचं डोकं आडवं छाटायचं. चिकट रस येतो. कापाच्या मधोमध एक फिकट कडं दिसतं. अन्नपाणी वाहणाऱ्या नळ्यांचं ते कडं. तिन्ही धारांच्या कडा तिरप्या तासायच्या, नाहीतर सुकताना गाभा खाली बसतो आणि कडा गोळ्याला वर उचलतात. मग लाल पिल्लू बुडाशी कापायचं. त्याच्याही कापात तसंच एक लहान कडं असतं. शेवटी दोन्हींचा एकेक पातळ काप पुन्हा उडवायचा आणि ओलं आहे तोवर कड्यावर कडं टेकवून, किंचित फिरवून आतली हवा घालवायची. कडी एकमेकांना कुठेच छेदत नसतील, तर ते चिकटल्यासारखं दिसेल पण जगणार नाही. वरून कुंडीखालपर्यंत दोन रबरबँड आडवेतिडवे, बेताच्या ताणाचे. आठ-दहा दिवस सावली, आणि कापावर पाण्याचा थेंबही नको.

या झाडाला ‘वापरा आणि फेका’ म्हणून विकतात, ते मला मनापासून टोचतं. खुंट थकला तरी गोळा पिल्लं देत राहतो. दर दोन-तीन वर्षांनी नवा खुंट मिळाला तर ती ओळ खंडत नाही. लक्ष ठेवायचं ते पिठ्या ढेकणावर. जोडाच्या खाचेत कापसासारखं पांढरं काही दिसलं, की स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने लगेच टिपून घ्यायचं.

यंदा एका जुन्या गोळ्याला फिकट गुलाबी कळ्या आल्या आहेत. शेजारच्या वहिनींना लाल हवाय, त्यांच्या नातीला पिवळा. खुंट तयार आहेत. पण पिवळ्याची पिल्लं सुपारीएवढी झाल्याशिवाय मी कापत नाही, म्हणून नातीला पुढच्या चैत्रापर्यंत थांबायला सांगितलं आहे.