दुसऱ्या गावातली प्रत

सांगलीतल्या एका पतसंस्थेचं काम माझ्याकडे आहे. ऐकायला साधं: त्यांच्या बॅकअप सर्व्हरची हुबेहूब प्रत रोज रात्री आपोआप पुण्यातल्या दुसऱ्या सर्व्हरवर जायला हवी. ऑगस्ट २०१९चा महापूर पाहिलेल्या माणसांना ‘एक प्रत दुसऱ्या गावात हवी’ हे पटवावं लागत नाही. मिरजेलाच ठेवू, जवळ पडेल, असं एकाने सुचवलं होतं. पण पुराला भिऊन पळायचं, तर त्याच कृष्णेच्या पट्ट्यात कशाला थांबायचं?

पहिली अडचण वेगाची. डेटा ४ टीबी, आणि लाइनचा अपलोड सेकंदाला २० मेगाबिट. अखंड चालली तरी पहिली प्रत पोचायला १८ दिवस. म्हणून हार्ड डिस्क भरली, एन्क्रिप्ट केली, बॅगेत टाकली आणि एसटीने पुण्याला आणली. सहा तास. हिशेब केला तर त्या लाल डब्याचा वेग सेकंदाला जवळजवळ दीड गिगाबिट पडतो. पुढे मात्र फक्त बदल पाठवायचे. त्यासाठी आरसिंक आहे, १९९६ साली अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी आणलेलं. फाइलचे तुकडे पाडून ते दोन्हीकडच्या तुकड्यांच्या खुणा ताडून बघतं आणि बदललेलं तेवढंच पाठवतं. इतकी वर्षं झाली, पण मला अजून त्याचं कौतुक वाटतं.

“म्हणजे आता दोन-दोन बॅकअप,” अध्यक्ष खूश होऊन म्हणाले. इथे आमची गाडी अडली.

कारण रेप्लिकेशन आज्ञाधारक असतं. सांगलीत रॅन्समवेअर शिरलं आणि फाइली कुलूपबंद झाल्या, तर आरसिंकच्या दृष्टीने तो नुसता एक बदल. तो बदल त्याच रात्री इमानेइतबारे पुण्याला पोचणार. चांगल्या प्रतीवर खराब प्रत बसणार, आणि स्क्रीनवर ‘यशस्वी’ असं दिसणार.

मी त्यांना गिटलॅबची गोष्ट सांगितली. ३१ जानेवारी २०१७. त्यांच्या डेटाबेसची दुसरी प्रत मागे पडली होती. ती नव्याने जोडताना एका इंजिनिअरकडून प्रतीच्या सर्व्हरवरचं समजून मुख्य सर्व्हरवरचंच फोल्डर पुसलं गेलं. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, पण तोवर सुमारे ३०० जीबी गेलेलं. रोजचे बॅकअप उघडायला गेले, तर तिथे काहीच नाही. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारं साधन ९.२चं, बॅकअप होतच नव्हता, आणि तसं कळवणारे ईमेल कुणापर्यंत पोचत नव्हते. शेवटी कामी आला तो सुमारे सहा तास आधी त्याच इंजिनिअरने वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेला स्नॅपशॉट. त्यांनी हे सगळं स्वतःहून जाहीर लिहिलं, म्हणून आपल्याला माहीत. किती जणांनी असं झाकून ठेवलं असेल कोण जाणे.

मग मांडणी बदलली. सांगलीने पुण्याकडे डेटा ढकलायचा नाही. पुण्याने सांगलीहून ओढायचा. ढकलायचा तर पुण्याची किल्ली सांगलीच्या मशीनवर ठेवावी लागते, आणि आत शिरलेल्या चोराला ती आयती सापडते. ओढण्यात सांगलीला पुण्याचा पत्तासुद्धा ठाऊक असायची गरज नाही, आणि पुण्याकडे सांगलीची जी किल्ली आहे ती फक्त वाचण्यापुरती. शिवाय पुण्याचा सर्व्हर रोजचा स्नॅपशॉट घेतो आणि ९० दिवस ठेवतो. जुनं कधी पुसायचं ते तोच ठरवतो, सांगलीचं ऐकत नाही. थोडा आगाऊ सर्व्हर आहे, पण मला तसाच हवा होता.

यासाठी जास्तीच्या डिस्क लागल्या. त्यावर दोन बैठका झाल्या. मी एवढंच विचारलं, की एखाद्या भाजीवालीची पिग्मीची नोंद गेली, तर तिने पैसे भरल्याचा पुरावा कुठून आणायचा? डिस्क मंजूर झाल्या.

तिसरी मागणी जड गेली: दर तीन महिन्यांनी पुण्याच्या प्रतीवरून सगळं एका कोऱ्या मशीनवर उभं करायचं आणि ठेवींची बेरीज त्या दिवशीच्या छापील ताळेबंदाशी जुळवायची. “चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?” हा प्रश्न आलाच. बाजू घेतली ती हिशेब बघणाऱ्या बाईंनी. तीस वर्षं रोज संध्याकाळी कॅश मोजूनच घरी जाणाऱ्या त्या. मोजल्याशिवाय ‘आहे’ म्हणायचं नाही, हे त्यांना मी काय सांगणार.

पहिल्या चाचणीत बेरीज पैशापर्यंत जुळली. पुढची दिवाळीआधी आहे. त्या वेळी कुठलं खातं उघडून बघायचं ते बाई स्वतः निवडणार आहेत, आणि मला आधी सांगणार नाहीत.